रेडिऑनिक्स शेती: सगळं संकल्पानेच होतं, तर डब्याला डायल कशाला?

निवडुंग: रेडिऑनिक्स म्हणजे डायल लावलेल्या डब्याने, शेतात न जाता दुरूनच पिकावर इलाज करायचा दावा. त्यावर परवा एकाने ठणकावून लिहिलं, "यंत्र निमित्तमात्र. करणाऱ्याचा भाव शुद्ध असेल तर शेताच्या फोटोवरूनही कीड जाते. गुण येत नसेल तर आधी स्वतःचं मन तपासा." डोकंच फिरलं. पीक गेलं ते गेलं, वर दोष शेतकऱ्याच्याच माथी! फोटोचा उद्योग तसा जुना. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत युकॅको कंपनी शेताचा विमानातून काढलेला फोटो यंत्रात ठेवून कीड मारायचा दावा करत होती. पुढे 1956 मध्ये विज्ञानकथा मासिकाचे संपादक जॉन कॅम्पबेल यांनी हिरॉनिमस नावाच्या संशोधकाच्या अशाच यंत्राचं सर्किट कागदावर शाईने नुसतं काढलं आणि तेही चालतं म्हणाले. मग ते 'रेट' म्हणजे डायलवर लावायचे आकडे, तो बोटाने चोळायचा पॅड, ही सगळी आरास कुणासाठी?

ओंजळ: कॅम्पबेलचं उदाहरण आमच्याच बाजूने दिलंत, आभारी आहे. डायल फिरवताना मन एका जागी येतं. जपमाळेच्या मण्यांत काय वीज असते? माझ्या काकडीच्या वेलांवर मावा होता. रोज फोटो लावून बसायचे. गेला. ज्या वाफ्याचा फोटो लावला नाही, तिथे तसाच राहिला.

खुरपं: ताई, पानं उलटून पाहिली होती का? फुगलेले, तपकिरी, कागदासारखे कोरडे मावे, पाठीवर गोल भोक? ते परोपजीवी गांधीलमाशीचं काम. ती एका वाफ्यात आधी पोचते, दुसऱ्यात उशिरा. मावा खाणाऱ्या ढालकिड्यांचंही तसंच.

ओंजळ: काही तपकिरी होते. पण माशीला बोलावलं कुणी?

अनुभवी: उगाच फाटे फोडू नका. हिरॉनिमसला 1949 मध्ये अमेरिकेचं पेटंट मिळालंय, क्रमांक 2482773. तिथले अधिकारी खुळे होते का?

निवडुंग: खुळे नव्हते, पण पेटंट तपासणारा बांधावर जाऊन किडे मोजत नाही. आणि ते पेटंट पदार्थांतून निघणारी कथित किरणं ओळखण्याबद्दल आहे. शेतातली कीड मारण्याचं त्यात कुठे दिसलं तुम्हाला?

अनुभवी: म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या फवाऱ्यांची पेटंटं तेवढी खरी!

खुरपं: अहो, फवाऱ्यालाही नुसतं पेटंट पुरत नाही. विकायचा तर नोंदणी लागते, नोंदणीला शेतावरच्या चाचण्या लागतात.

अनुभवी: त्या चाचण्या करतं कोण? कंपन्याच ना? बोला आता!

खुरपं: बरीचशी माहिती कंपन्याच देतात, हे खरं. त्याचा राग मलाही आहे. पण शेजाऱ्याचा तराजू खोटा म्हणून तुम्ही तराजूच ठेवायचा नाही?

अनुभवी: विकले गेलेले लोक असंच बोलतात.

खुरपं: शब्द मागे घ्या.

मोजपट्टी: पेटंटवर रात्र काढणार का? मूळ प्रश्न असा: संकल्प पिकावर चालतो की मोजणाऱ्यावर? 1963 मध्ये मानसशास्त्रज्ञ रोझेंथाल यांनी विद्यार्थ्यांना सारखेच उंदीर दिले, काहींना सांगितलं 'तुमचे हुशार आहेत'. त्या उंदरांचे निकाल खरोखर चांगले आले. कुणी लबाडी करायची गरजच नाही. संख्याशास्त्रज्ञ फिशरनी 1919 नंतर इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात शेतीप्रयोगांची जी शिस्त घालून दिली तीच वापरा. चिठ्ठ्या टाकून वाफे निवडा. करणाऱ्याला सगळं माहीत असू द्या, हवा तेवढा संकल्प करू द्या. कुठल्या वाफ्यावर केलं, हे फक्त मोजणाऱ्याला कळू देऊ नका. मग 'भाव कमी पडला' म्हणायला जागा कुठे उरते?

ओंजळ: उरते. मोजणाऱ्याचा संशयही पिकावर उतरतो.

निवडुंग: वा! मग माझ्यासारखे इतके संशयी असताना तुमच्या वेलांवरचा मावा गेला कसा? बाकी हेतूला फळ आल्याचं एक प्रकरण मला माहीत आहे. ऑक्सफर्डला रेडिऑनिक्सची यंत्रं बनवणाऱ्या डी ला वॉर यांच्यावर त्यांच्या यंत्राचा गुण येत नाही म्हणून फसवणुकीचा दावा झाला. 1960 मध्ये ते सुटले, कारण त्यांचा स्वतःचा प्रामाणिक विश्वास होता असं कोर्टाला वाटलं. यंत्र चालतं, असं कोर्ट म्हणालं नाही.

अनुभवी: सुटले ना? संपलं.

ओंजळ: संपलं नाही. मोजपट्टी, तुमची अट मान्य. चिठ्ठ्या खुरपं टाकतील, मोजणी तुम्ही करा. पण निकाल लागेपर्यंत निवडुंगांनी माझ्या बांधावर पाय ठेवायचा नाही.

खुरपं: टाकतो. अनुभवींनी शब्द मागे घेतले की.