वरच्या मजल्यावरचा अठरा वर्षांचा मिशनरी: सल्ला हवा आहे

नर्मदाकाठ:
नमस्कार मंडळी. जर्सी सिटीत, जर्नल स्क्वेअरपासून चालत दहा मिनिटांवर आमचं घर. जानेवारीत वरच्या मजल्यावर दोन मॉर्मन मिशनरी, म्हणजे एका ख्रिस्ती पंथाचे धर्मप्रचारक, राहायला आले. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी नावाची पट्टी. एक वीस वर्षांचा, टोंगन वंशाचा, अंगाने थोराड आणि कायम हसतमुख. दुसरा जेमतेम अठराचा. आयडाहोत रेक्सबर्गजवळ त्यांची बटाट्याची शेती आहे, तिथून पहिल्यांदाच घराबाहेर पडलाय. त्याच्यासाठीच हा धागा.

मागच्या सोमवारी तळघरात कपडे धुवायला गेले, तर हा पोरगा मशीनसमोर बसून रडत होता. जोडीदार काही न बोलता पाठीवर हात ठेवून उभा होता. मला पाहून त्याने घाईघाईने डोळे पुसले आणि "गुड मॉर्निंग, मॅम" म्हणाला. माझा मुलगा पहिल्यांदा कॉलेजच्या होस्टेलवर गेला तेव्हाचा त्याचा चेहरा आठवला. दोन दिवस मला धड जेवण गेलं नाही.

सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. या दोघांनी एकदा त्यांची तांदळाची वीस पौंडांची पिशवी न सांगता दारापर्यंत आणून दिली. त्या म्हणतात, जेवायला बोलव. यजमान म्हणतात, बोलावलं की धर्माचं बोलणं निघणार, आपल्याला काही धर्म बदलायचा नाही, मग त्या मुलांना आशा कशाला लावायची? मला दोघांचंही पटतं.

म्हणून विचारते: या मुलांना काय चालतं, काय नाही? धर्माचा विषय न दुखावता कसा मिटवावा? सुट्टीच्या दिवशी त्यांना जाता येईल असं जवळपास काय आहे? आणि हाक काय मारायची? पट्टीवर नाव म्हणून 'एल्डर' आणि आडनाव एवढंच आहे.

लेहायकर:
अकरा वर्षं युटात राहतोय. आमच्या गल्लीत दहापैकी सात घरं याच चर्चची, त्यामुळे मुलं जाताना आणि परत येताना दोन्ही पाहिली आहेत. जरा सविस्तर लिहितो.

हाक 'एल्डर' आणि आडनाव अशीच मारा. मिशनवर असेपर्यंत पहिलं नाव वापरत नाहीत. मुलींना 'सिस्टर' म्हणतात. 'मॉर्मन' म्हटलं तर रागावणार नाहीत, पण 2018पासून त्यांचं चर्च 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' हे पूर्ण नाव वापरायला सांगतं. एकदा ते नाव तुमच्या तोंडून आलं की मुलांचा चेहरा खुलतो.

मुलगे दोन वर्षांसाठी जातात. 2012पर्यंत त्यांची वयाची अट 19 होती, ती 18 झाली. म्हणजे बारावी संपली की थेट निघायचं. कुठे जायचं हे ते निवडत नाहीत, चर्चकडून पत्र येतं. इथल्या प्रोव्हो गावच्या प्रशिक्षण केंद्रात इंग्रजीत काम करणाऱ्यांना दोन-तीन आठवडे शिकवतात, नवी भाषा असेल तर जास्त, आणि मग सरळ अनोळखी शहरात. पगार नाही. उलट अमेरिकेतल्या मुलांच्या घरच्यांना महिन्याला 500 डॉलर भरावे लागतात. त्यातून मुलांच्या हाती किराण्यापुरते पैसे येतात.

पहिले बारा आठवडे नव्या मुलाबरोबर शिकवणारा जोडीदार असतो. तो वीस वर्षांचा मुलगा तोच असणार. झोप आणि आंघोळ सोडली तर दोघांनी एकमेकांच्या नजरेआड व्हायचं नसतं. त्यामुळे बोलवायचं तर दोघांना. आणखी एक: घरात फक्त बायका असतील तर हे मुलगे आत येत नाहीत, दारातूनच बोलतात. यजमान घरी असतील तीच वेळ ठरवा, नाहीतर सासूबाईंना वाटेल की पोरं आपल्या घरचं खायला नको म्हणतात.

सोमवार बहुतेक त्यांचा तयारीचा दिवस असतो. कपडे, किराणा, केस कापणं आणि घरी फोन. पूर्वी घरी फोन वर्षातून दोनदाच करता यायचा, नाताळला आणि मातृदिनाला. 2019पासून दर आठवड्याला व्हिडिओ कॉल चालतो. तुम्ही त्याला रडताना पाहिलंत तो सोमवारच ना? आईचा चेहरा पाहून फोन ठेवला असेल. आमच्या शेजारच्या बाई म्हणतात, पहिल्या दोन महिन्यांत फोननंतरचा तासच सगळ्यात वाईट. सोमवारी दुपारी तळघरात दोन शब्द बोललात तरी पुष्कळ झालं.

आता थोडं गंभीर. घरची आठवण येणं वेगळं आणि आजारी पडणं वेगळं. जेवण सुटलं, झोप गेली, वजन उतरलं असं दिसलं तर गप्प बसू नका. त्यांच्यावर एक मिशन प्रेसिडेंट आणि त्यांच्या पत्नी असतात, मनाच्या त्रासासाठी समुपदेशकांची सोयही असते. पण मुलं सांगत नाहीत. लवकर घरी परतलेल्या मुलाकडे इथे लोक कसे बघतात ते मी पाहिलंय. चौदा महिन्यांत परत आलेला आमच्याकडचा एक मुलगा कितीतरी दिवस रविवारी घराबाहेर पडला नाही. तेव्हा "मदत मागण्यात कमीपणा नाही" हे वाक्य त्याला बाहेरच्या माणसाकडून ऐकायला मिळालं तर फार बरं.

वेलदोडा:
खाण्याचं मी सांगते, माझ्या हाताखालची मुलगी याच चर्चची आहे. चहा, कॉफी, दारू, तंबाखू पूर्ण बंद. त्यांच्याकडे 1833पासूनचा नियम आहे. ग्रीन टीसुद्धा नाही, कॉफी घातलेला केकही नाही. आपल्याकडे पाहुणा आला की हात आपोआप चहाच्या पातेल्याकडे जातो, तेवढा आवरायचा. गवती चहा नुसता उकळून दिलात तर चालतो, पण 'चहा' म्हणून पुढे करू नका, मुलं गोंधळतात. ताक, कोकम सरबत, वेलची-जायफळ घातलेलं गरम दूध उत्तम. मांसाहार चालतो.

तिखट मात्र बेताचं. बटाटा पिकवणाऱ्याच्या पोराला पिवळी बटाट्याची भाजी आणि पुऱ्या द्या, मग बघा.

महिन्याचा पहिला रविवार त्यांचा उपासाचा, दोन जेवणं सोडतात. त्या संध्याकाळी कुणी गरम वाढलं तर सोन्याहून पिवळं.

कोपऱ्यावरचा:
माझं मत वेगळं आहे. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी एका जोडीला पाणी दिलं, मग दर आठवड्याला बेल. बायको घरी एकटी, तिला नाही म्हणता येईना. मुलं चांगली असतात, मान्य. पण ती इथे कामावर आहेत, आणि त्यांचं काम तुमचा धर्म बदलणं हे आहे. यजमानांचं ऐका.

लेहायकर:
तुमच्या घरी जे झालं ते बरोबर नव्हतं, आणि वहिनींना त्रास झाला याचं वाईट वाटतं. माझा अनुभव असा की मोघम बोललं की ते परत येतात. "बघू", "नंतर या" याचा अर्थ ते होकार असाच घेतात, कारण दिवसभरात तेवढंही त्यांना कुणी म्हणत नाही. स्पष्ट सांगितलं की थांबतात. पहिल्याच दिवशी, जेवायच्या आधी, उंबऱ्यातच सांगा: "आम्ही आमच्या धर्मात समाधानी आहोत, त्यावर चर्चा नको. जेवायला मात्र मनापासून बोलावतोय." मी सहा-सात जोड्यांना हे सांगितलंय, एकानेही शब्द मोडला नाही. जेवणाआधी प्रार्थना करू का, असं विचारतील. आम्ही हो म्हणतो, आणि मग आमचं 'वदनी कवळ घेता' म्हणतो.

हडसनपलीकडे:
मी चौदा वर्षं जर्सी सिटीत आहे, जागा सुचवतो. लिबर्टी स्टेट पार्क, लाइट रेलने जाता येतं. पाण्याकाठी चालत गेलं की स्वातंत्र्यदेवता आणि मॅनहॅटन समोर, आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. शेतातल्या मुलाला या शहरात मोकळं आकाश दिसेल ते तिथेच. वेस्ट साइडचं लिंकन पार्कही मोठं आहे, खेळायला मैदानं आहेत.

पाथ ट्रेनने मॅनहॅटन जवळ आहे म्हणून लगेच घेऊन जाऊ नका. त्यांच्या मिशनला हद्द असते, ती ओलांडायला परवानगी लागते. आधी त्यांनाच विचारा. पोहायला जाणंही त्यांना मना आहे.

थंडीचं म्हणाल तर नदीवरचा वारा कोटापेक्षा हातांना आणि कानांना झोंबतो. लोकरीचे हातमोजे आणि कानटोपी द्या. दिवसभर दारोदार फिरायचं म्हणजे बोटं उघडीच.

आजोळ:
माझे आजोबा कोकणातून पुण्याला शिकायला आले, तेव्हा वार लावून जेवले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. एका वाराला घर मिळालं नव्हतं, त्या दिवशी ते चुरमुरे खाऊन राहत. सत्तरीतही ते त्या सहा घरांची नावं वारांच्या क्रमाने सांगायचे. बुधवारच्या काकू ताटात तूप जरा जास्त वाढायच्या, हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा.

माझा सल्ला एवढाच: त्या मुलांना "कधीही या" म्हणू नका. परक्या गावातलं पोर अशा घराची पायरी चढत नाही. वार द्या. ठरलेला दिवस, ठरलेली वेळ. दिवसभर दारं बंद होत राहिली तरी अमुक दिवशी संध्याकाळी एक दार उघडणार आहे, हे त्याला आधीपासून माहीत असू दे. आणि त्यांनाही तुमचं काही काम करू द्या. आजोबा गुरुवारच्या घरी देवाची फुलं आणून द्यायचे, म्हणून तिथे त्यांना मिंधेपण वाटत नसे.

लेहायकर:
आजोळ, अगदी हेच. इथे वॉर्डातली, म्हणजे त्यांच्या स्थानिक चर्चमधली, कुटुंबं दिवस वाटून घेऊन मिशनऱ्यांना जेवू घालतात. आणि काम द्या हेही खरं, बर्फ उपसणं, सामान हलवणं ते आनंदाने करतात. कुणाच्या उपयोगी पडलो, एवढ्यानेही त्या मुलांचा दिवस सुधारतो.

सदाशिवपेठी:
थोडं अवांतर, पण सासूबाईंना सांगा. याच चर्चचा ह्यू फिंडले नावाचा मिशनरी 1852 साली मुंबईत उतरला, नंतर पुण्यातही राहिला. हाती फार थोडे लोक लागले आणि काही वर्षांतच हिंदुस्थानातलं ते काम थांबलं. त्याच्याही दारावर आपल्याकडचंच कुणीतरी आलं असेल, दार उघडायला.

नर्मदाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

गुरुवार दिला. साडेसहाला येतात, साडेसातला उठतात. पहिल्या दिवशी यजमानांनी उंबऱ्यातच लेहायकरांचं वाक्य म्हटलं. मोठा मुलगा म्हणाला, "समजलं सर, आणि थँक यू." त्यानंतर तो विषय एकदाही निघाला नाही. कोपऱ्यावरचा, तुमचंही लक्षात ठेवलंय, यजमान घरी नसतील त्या गुरुवारी आम्ही डबा वर पाठवतो.

धाकटा पहिल्या दिवशी मान खाली घालून जेवला. दुसऱ्या गुरुवारी सासूबाईंनी पिवळी भाजी केली, तेव्हा त्याने विचारलं, हा बटाटा कुठला? मग बोलायलाच लागला. त्यांच्याकडे बटाटे काढायच्या दिवसांत शाळेला सुट्टी असते, आठवीपासून तो ट्रकवर उभा राहून माती आणि दगड निवडायचा. सासूबाईंना इंग्रजी बेताचं, पण सुगी म्हटल्यावर त्यांना सगळं कळलं. त्यांनी स्वतःच्या हातावरची खुरप्याची जुनी खूण त्याला दाखवली. त्या त्याला एल्डर म्हणत नाहीत, 'बाळ' म्हणतात. त्याने अर्थ विचारला, मी सांगितला. तो काही बोलला नाही, पण जाताना वाकून त्यांना नमस्कार केला. आमच्या मुलाला करताना पाहिलं होतं म्हणे.

त्याला विचारून दोघांचा जेवतानाचा फोटो काढला. तो त्याने घरी पाठवला. त्याच्या आईचं उत्तर आलं: हे मी फ्रिजवर लावलंय.

अजून सोमवारी त्याचे डोळे लाल असतात. मी मुद्दाम त्याच वेळी कपडे धुवायला जाते. या सोमवारी त्याने स्वतःहून सांगितलं की मिशन प्रेसिडेंटच्या पत्नीशी बोललो, झोप जरा लागायला लागली.

आता एकच प्रश्न. जोडीदार म्हणाला, दर सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी येते, आणि बारा आठवडे झाले की दोघांपैकी कुणीही जाऊ शकतो, तेही दोन-तीन दिवस आधी कळतं. हे सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. त्या त्याच्यासाठी कानटोपी विणताहेत, अर्धी झालीय. लेहायकर, पुढच्या गावी पार्सल पाठवता येतं ना?