देवळात जमलेल्या पैशातून पूरग्रस्त गावाला मदत कशी करावी?

पेठेतली_मंजिरी
नमस्कार. आमच्या विठ्ठलमंदिरातल्या महिला भजनी मंडळाने सीनेच्या पुरात सापडलेल्या एका गावासाठी 1 लाख 85 हजार रुपये जमवलेत. विश्वस्त म्हणतात, किराण्याचे किट वाटू, मंदिराचा बॅनर लावू आणि वाटपाआधी तासभर भजन करू. आमच्या एक काकू म्हणाल्या, "घर वाहून गेलेल्या माणसाला तासभर बसवून ठेवायचं, बरं दिसेल का?" तेव्हापासून जिवाला चैन नाही. अनुभवी मंडळींनी सांगावं.

तेरणाकाठ
ताई, मी किल्लारीच्या पट्ट्यातला. 30 सप्टेंबर 1993 ला सोळा वर्षांचा होतो. आदल्या रात्री गणपती बोळवून गाव झोपलं आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी सगळं खाली आलं. आमची घरं धाब्याची. दोन-अडीच फुटी दगडमातीच्या भिंती, वर माळवद, गळू नये म्हणून त्यावर पांढऱ्या मातीचे थरावर थर. तेच ओझं माणसांवर पडलं. भूकंपात सुमारे 10 हजार माणसं गेली.

मदतीला तोटा नव्हता. पाऊस मात्र हटेना. शाळेच्या व्हरांड्यात जुन्या कपड्यांचा ढीग भिजत पडलेला. माझी आजी नऊवारी नेसायची. तिने अख्खा ढीग उपसला, एक लुगडं सापडलं नाही. शेवटी ते कपडे आम्ही बैलांखाली अंथरले.

अशात एका मठातले दोघं आले. काही न वाटता आजीपाशी बसले, काय काय गेलं ते विचारून गेले. पुढच्या खेपेला लुगडं, तवा आणि विळा घेऊन आले. दिवाळीनंतर ट्रक यायचे थांबले, हे दोघं वर्षभर येत राहिले. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्थांनी तर भूकंपग्रस्त भागातली 1200 मुलं पुण्याला नेऊन शिकवली. ते कित्येक वर्षांचं काम आहे, एका फेरीचं नाही.

आता दुखरी गोष्ट. आमचं नवं गाव एका संस्थेने बांधलं, नाव घेत नाही. मन चांगलंच होतं त्यांचं. पण कॉलनीसारख्या सरळ ओळीत खोल्या बांधल्या. बैल कुठं बांधायचे, कडबा कुठं रचायचा, कुणी विचारलंच नाही. रान लांब पडलं ते वेगळंच. कमानीवर देणगीदारांची नावं मात्र आम्ही राहायला जायच्या आधी रंगली होती.

तेव्हा आधी गावातल्या बायकांना विचारा. किट चार ठिकाणांहून येतं. बुडालेली मोटार, वाहून गेलेली शेळी, पोरांची वह्यापुस्तकं कुणी देत नाही. भजन जरूर करा, पण गावाने बोलावलं तर, त्यांच्या देवळात, त्यांच्यासोबत. बॅनर नकोच.

तैपेईहून_सुहास
तेरणाकाठ यांच्याशी सहमत. रेड क्रॉस आणि इतर मदतसंस्थांची 1994 ची आचारसंहिता हेच सांगते: मदत गरज पाहून द्यायची, धर्माचं किंवा राजकारणाचं म्हणणं पुढे रेटायला नाही.

इथली त्झु ची ही बौद्ध संस्था 1966 मध्ये चेंग येन या भिक्षुणीने हुआलिएनला सुरू केली, तीही 30 गृहिणींना घेऊन. बाजाराला निघताना प्रत्येकीने बांबूच्या नळीत अर्धा तैवानी डॉलर टाकायचा. आज त्यांचं मदतकार्य कितीतरी देशांत चालतं. त्यांचे स्वयंसेवक वस्तू दोन्ही हातांनी देतात आणि घेणाऱ्यासमोर कमरेत वाकून आभार मानतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वारीत एकमेकांच्या पाया पडणारे वारकरी आठवले. तुमचं मंडळ काही लहान नाही, मंजिरीताई.

पेठेतली_मंजिरी
आज मंडळात सगळं वाचून दाखवलं. लुगड्याच्या गोष्टीपाशी काकूंनी डोळे पुसले. बॅनर रद्द. रविवारी आम्ही तिघी नुसत्या बायकांशी बोलायला जातोय. तेरणाकाठ दादा, सोबत याल का?

तेरणाकाठ
येतो. कुर्डुवाडी स्टेशनवर उतरा, मी गाडी घेऊन थांबतो.