भिन्न छेदांच्या पूर्णांकयुक्त अपूर्णांकांची बेरीज : चूक कशी पटवून द्यावी?

प्रश्न

माझी मुलगी छेद समान असलेल्या अपूर्णांकांची बेरीज बिनचूक करते. परंतु शाब्दिक उदाहरणात छेद निराळे असलेले पूर्णांकयुक्त अपूर्णांक आले की ती गोंधळते. काल तिला पुढील उदाहरण दिले होते : एका कारागिराने सकाळी १ पूर्णांक ३/४ तास आणि दुपारी २ पूर्णांक ५/६ तास काम केले, तर त्याने एकूण किती तास काम केले? तिने पूर्णांकांची बेरीज ३, अंशांची ८ आणि छेदांची १० अशी केली व ८/१० ला संक्षिप्त रूप देऊन ३ पूर्णांक ४/५ हे उत्तर लिहिले. उत्तर चुकले आहे एवढे मी सांगितले, पण ते का चुकले हे मला पटवून देता आले नाही. शिवाय दोन्ही संख्यांचे आधी अंशाधिक अपूर्णांकांत रूपांतर करावे, की पूर्णांक आणि अपूर्णांक वेगवेगळे मिळवावेत, याविषयीही मार्गदर्शन हवे आहे.

पहिले उत्तर

नियम सांगण्यापूर्वी तिला तिच्याच उत्तराकडे नीट पाहू द्यावे. पूर्णांक बाजूला ठेवले, तर ३/४ आणि ५/६ मिळून तिला ४/५ मिळाले आहेत. आता ४/५ म्हणजे २४/३० आणि ५/६ म्हणजे २५/३०. म्हणजेच ५/६ मध्ये चांगले तीन चतुर्थांश मिळवूनही बेरीज मूळच्या ५/६ पेक्षा लहान झाली. मिळवल्यावर संख्या घटली, हे मुलांना कोणत्याही नियमापेक्षा लवकर खटकते.

उदाहरण तासांचे असल्यामुळे पडताळाही सोपा आहे. १ तास ४५ मिनिटे आणि २ तास ५० मिनिटे यांची बेरीज ४ तास ३५ मिनिटे होते, तर तिच्या उत्तराचे ३ तास ४८ मिनिटेच होतात. चुकीचे मूळ असे, की छेद हा तुकड्यांची संख्या सांगत नाही, तर तुकडा केवढा आहे ते सांगतो. तासाचा चतुर्थांश १५ मिनिटांचा आणि षष्ठांश १० मिनिटांचा. असे लहानमोठे तुकडे एकत्र मोजून आठ म्हणण्यास अर्थ नाही. दोन्ही पुरे मोजता येतील असा तुकडा म्हणजे तासाचा बारावा भाग, ५ मिनिटे. ३/४ मध्ये असे नऊ आणि ५/६ मध्ये दहा तुकडे बसतात. एकूण १९/१२, म्हणजे १ पूर्णांक ७/१२. त्यात ३ मिळवून ४ पूर्णांक ७/१२ तास. पुष्कळ मुले ३ पूर्णांक १९/१२ येथेच थांबतात, तेही तपासून घ्यावे.

दुसरे उत्तर

आपल्या दुसऱ्या प्रश्नापुरते लिहितो. दोन्ही रीती बरोबर आहेत, परंतु बेरजेत मी पूर्णांक वेगळे ठेवण्याच्या बाजूचा आहे, कारण त्यामुळे संख्या लहान राहतात. ४ पूर्णांक २/३, ३ पूर्णांक ५/८ आणि २ पूर्णांक १/६ यांची बेरीज पाहा. छेदांचा लसावि २४ आहे, पूर्णांकांची बेरीज ९ आहे आणि अपूर्णांकांची १६/२४, १५/२४ व ४/२४ मिळून ३५/२४, म्हणजे १ पूर्णांक ११/२४. उत्तर १० पूर्णांक ११/२४. अंशाधिक रूप घेतले असते तर ११२, ८७ आणि ५२ मिळवून २५१ ला २४ ने भागावे लागले असते. आणि लसावि न काढता तिन्ही छेदांचा गुणाकार केला असता, तर छेद १४४ झाला असता. गुणाकार-भागाकारात मात्र अंशाधिक रूपाची सवय हवीच.

तिसरे उत्तर

एक पुरवणी. आपण १ पूर्णांक ३/४ ला सहजपणे पावणेदोन म्हणतो, म्हणजे ती संख्या दोनातून पाव वजा करून ओळखतो. त्याच न्यायाने २ पूर्णांक ५/६ म्हणजे तीनाला १/६ कमी. मग २ आणि ३ मिळून ५, आणि त्यातून १/४ व १/६ यांची बेरीज ५/१२ वजा केली की ४ पूर्णांक ७/१२ उरतात. उत्तर पाचाच्या किंचित आत येणार, हा अंदाजही आकडेमोडीआधीच मिळतो. ही दृष्टी नवी नाही : भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) पूर्णांकात भाग मिळवण्याला भागानुबंध आणि त्यातून भाग वजा करण्याला भागापवाह अशी स्वतंत्र नावे आहेत.

चौथे उत्तर

आकडेमोड सुधारली तरी शाब्दिक उदाहरणात आणखी एक खाचखळगा राहतो, तो एककाचा. एक दोरी ३ पूर्णांक १/२ मीटर आहे आणि दुसरी तिच्यापेक्षा १/४ मीटरने लांब आहे, असे म्हटले तर दोन्ही मिळून ७ पूर्णांक १/४ मीटर होतात. परंतु दुसरी दोरी पहिलीच्या १/४ भागाइतकी अधिक लांब आहे असे म्हटले, तर तिची लांबी ४ पूर्णांक ३/८ मीटर आणि एकूण लांबी ७ पूर्णांक ७/८ मीटर होते. म्हणून प्रत्येक अपूर्णांकाखाली ‘कशाचा?’ हे लिहिल्याशिवाय बेरजेस हात घालू देऊ नये.

प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचे आभार. ४/५ हे ५/६ पेक्षा लहान आहे हे दाखवताच तिने उत्तर स्वतःहून खोडले आणि बाराचा छेद घेऊन पुन्हा केले. ३ पूर्णांक १९/१२ वर मात्र ती थांबलीच. घड्याळाकडे बोट दाखवल्यावर पुढे गेली.