आतल्या गटाला ‘जिवलग’ म्हणावे का?

अनुवादिका
प्रत्यक्ष आयुष्यात एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांसाठी एक छोटे अ‍ॅप तयार होत आहे आणि त्यातली मराठी वाक्ये ठरवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यात फॉलोअर नाहीत, लाइकचा आकडा दिसत नाही, दोघांचा होकार असल्याशिवाय कोणी कोणाच्या यादीत येत नाही आणि ती यादी ५० जणांवर थांबते. त्या पन्नासांतून पाच-सहा जणांचा आणखी आतला गट करता येतो, आणि नाव अडले आहे ते त्या गटाचे. ‘जवळचे मित्र’ लिहावे तर मैत्रिणी बाहेर राहतात, ‘निकटवर्तीय’ म्हटले की राजकीय बातमी वाचल्यासारखे वाटते, ‘सलगी’त आगाऊपणा डोकावतो. मी ‘जिवलग’ सुचवला, तर तो शब्द फक्त प्रियकर-प्रेयसीसाठी असतो, असे एका सहकाऱ्याने ठामपणे सांगितले. माझी आजी मात्र शाळेतल्या मैत्रिणीचा उल्लेख कायम ‘माझी जिवलग’ असाच करत असे. आपण हा शब्द कोणत्या अर्थाने ऐकला आहे?

जुना वाचक
‘जिवलग मित्र’ हा प्रयोग शालेय निबंधापासून मृत्युलेखापर्यंत सर्रास आढळतो. शृंगाराची छटा आहे ती ‘जिवलगा’ या संबोधनाला. माझा आक्षेप वेगळा आहे. बटण दाबून कोणी कोणाचा जिवलग होत नाही, आणि जो शब्द बटणावर छापला जातो तो हळूहळू झिजतो. फेसबुकने ५,००० जणांपर्यंत मुभा दिल्यावर ‘फ्रेंड’ या शब्दात काय उरले, ते आपण पाहतोच आहोत.

कोशप्रेमी
‘सोबती’ घ्यावा. ‘दोस्त’ आणि ‘यार’ फारसीतून आले, हा आपला आहे.

भाषाभ्यासक
‘सोबत’ अरबी ‘सोहबत’वरून आली आहे. तेव्हा परका म्हणून ‘दोस्त’ला उंबऱ्याबाहेर ठेवायचे आणि ‘सोबती’ला पाट मांडायचा, याला काहीच आधार राहत नाही.

कोशप्रेमी
रुळलेल्या शब्दांना कोणी हाकलत नाही, परंतु नवी संकल्पना आली की संस्कृतकडे वळण्यात गैर काय? ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ असेच घडवले गेले आणि आज ते कोणालाही खटकत नाहीत. माझ्या मते ‘सुहृद’ सर्वांत योग्य आहे, कारण त्यात स्त्री-पुरुष असा भेदच उरत नाही. शिवाय ‘मित्र’ हा शब्दही वाटतो तितका साधा नाही. पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथातील ‘मिथ्र’ म्हणजे करार, आणि संस्कृतात सखा या अर्थी ‘मित्र’ नपुंसकलिंगी आहे. ज्या अ‍ॅपमध्ये दोघांच्या होकाराशिवाय नाते जुळत नाही, तिथे हा जुना अर्थ किती चपखल बसतो!

जुना वाचक
व्युत्पत्ती सुंदर आहे, पण ‘सुहृद’ सत्काराच्या भाषणात शोभतो. रात्री अकरा वाजता मैत्रिणीला फोटो पाठवताना तो कोणाच्या तोंडी येणार?

आरेखनकार
मी अशा अ‍ॅपच्या रचनेचे काम करतो, म्हणून एक मुद्दा मांडतो. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘पाथ’ या अ‍ॅपनेही ५० जणांचीच मर्यादा ठेवली होती, माणसाला साधारण १५० नाती सांभाळता येतात आणि त्यातली जवळची साधारण ५० असतात, हा मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांचा सिद्धांत त्यामागे होता. पुढे ती मर्यादा वाढवली गेली आणि २०१८ मध्ये ते अ‍ॅप बंद पडले. त्याच वर्षी इन्स्टाग्रामने ‘क्लोज फ्रेंड्स’ आणले. त्यातले हिरवे वर्तुळ पाहणाऱ्यालाही दिसते, म्हणजे आपण आत आहोत हे त्याला कळते. त्यामुळे आतल्या गटाचे नाव फक्त गट करणाऱ्यालाच दिसणार की इतरांनाही, हे आधी ठरायला हवे. आणखी एक कसोटी सांगतो: जो शब्द निवडाल, त्याच्यापुढे ‘काढा’ लावून पाहा. ‘जिवलगांतून काढा’ हे पडद्यावर वाचताना माझा तरी अंगठा थबकेल.

भाषाभ्यासक
इंग्रजीत या कृतीला स्वतंत्र क्रियापद मिळाले आणि २००९ मध्ये एका कोशाने ‘अनफ्रेंड’ला वर्षाचा शब्द ठरवले. आपल्याकडे मुलांची ‘कट्टी’ आहे, आणि ती मला अधिक माणुसकीची वाटते, कारण कट्टीनंतर बट्टी होते, हे दोघांनाही ठाऊक असते.

अनुवादिका
‘काढा’वरून आठवले, आम्ही सगळीकडे ‘तुम्ही’ वापरले आहे. इतक्या खासगी जागेत ‘तुमचा फोटो पाहिला गेला’ हे वाक्य एखाद्या कचेरीच्या पत्रासारखे कोरडे वाटते. इथे ‘तू’ म्हणावे का?

कोशप्रेमी
मुळीच नाही. मैत्रीण ‘तू’ म्हणते तो तिचा हक्क आहे. यंत्राला तो कोणी दिला?

जुना वाचक
साठीच्या माणसाला अ‍ॅपने अरे-तुरे केलेले रुचणार नाही, आणि सतरा वर्षांच्या मुलीला ‘आपण’ म्हटलेले परके वाटेल. ही निवड वापरणाऱ्यावरच सोपवावी.

आरेखनकार
तसे केले तर प्रत्येक वाक्य दोनदा लिहावे लागेल, आणि ‘आली’, ‘आला’, ‘आले’ यांचा हिशेब वेगळाच. मराठीत संबोधन टाळूनही सरळ बोलता येते: ‘नवा फोटो आला आहे’, ‘उत्तर लिहायचे राहिले आहे’. बहुतेक वाक्ये अशी होऊ शकतील. जी होत नाहीत, तेवढीच इथे द्या, आपण एकेक पाहू.