१ ऑगस्ट: संगीताच्या इतिहासातला मोठा क्षण कोणता? ७१, ८१ की ४२?

तबकडी
१ ऑगस्ट आला की ‘आजच्या दिवशी संगीतविश्वात’ छापाच्या याद्या फिरायला लागतात. दोन नोंदी हमखास. १९७१: न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ‘बीटल्स’वाला जॉर्ज हॅरिसन आणि पंडित रविशंकर यांनी बांगलादेशी निर्वासितांसाठी केलेला कार्यक्रम. १९८१: रात्री बारा वाजून एक मिनिटाने अमेरिकेत गाण्यांचे व्हिडिओ दाखवणारी वाहिनी एमटीव्ही सुरू. शिवाय ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक बँडच्या जेरी गार्सियाचा जन्म, १९४२. गार्सिया पाळण्यात पडला त्याच दिवशी जे सुरू झालं, ते मात्र यादीत असलंच तर तळाशी असतं.

त्या दिवसापासून ‘अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स’ या वादकांच्या संघटनेने रेकॉर्डिंग बंद केलं. कार्यक्रम चालू, रेडिओवर प्रत्यक्ष वादन चालू, फक्त तबकडीसाठी वाजवायचं नाही. अध्यक्ष जेम्स पेट्रिलोचं म्हणणं असं की, तुम्ही आम्हाला एकदा पैसे देता, मग तीच रेकॉर्ड ज्यूकबॉक्समध्ये (नाणं टाकून गाणं वाजवायच्या यंत्रात) आणि रेडिओवर वर्षानुवर्षं वाजते आणि हॉटेलात रोज वाजवणारा माणूस घरी बसतो. म्हणजे आमच्याच पोटावर पाय देणारी वस्तू आम्हीच बनवून देतोय. तेव्हा विकल्या जाणाऱ्या रेकॉर्डमागे संघटनेच्या निधीत पैसे टाका.

डेका कंपनी सप्टेंबर १९४३ मध्ये नमली. आरसीए व्हिक्टर आणि कोलंबिया नोव्हेंबर १९४४ पर्यंत अडून बसल्या. मध्ये खुद्द अध्यक्ष रूझवेल्टनी ‘आता थांबवा’ म्हणून तार केली, तर पेट्रिलोने त्यांनाही नाही म्हटलं. महायुद्ध चालू असताना!

आणि परिणाम बघा. गायकांना बंदी लागू नव्हती. गायक फ्रँक सिनात्राने १९४३ मध्ये कोलंबियासाठी गाणी केली, त्यात वाद्यवृंदाच्या जागी मागे नुसते गळे आहेत. कंपन्यांनी जुना माल झटकून बाहेर काढला. हॅरी जेम्सच्या बँडबरोबर सिनात्राने १९३९ मध्ये केलेलं ‘ऑल ऑर नथिंग अ‍ॅट ऑल’ तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, १९४३ मध्ये तेच धडाक्यात खपलं. आधी नाव बँडवाल्याचं मोठं होतं, आता गायकाचं.

माझं मत: ७१ आणि ८१ लक्षात राहिले, कारण त्यात बघण्यासारखं काहीतरी होतं. ४२ मध्ये माणसांनी वाद्यं खाली ठेवली, त्याचा फोटो काय काढणार? पण रेकॉर्डच्या धंद्यातला पैसा कुणाचा, हा प्रश्न त्या दिवशी जितका उघडपणे मांडला गेला, तितका बाकीच्या दोन्ही दिवशी नाही. बोला.

मेंडोलिन मास्तर
मांडणी झकास, निष्कर्ष ओढूनताणून. बिग बँड, म्हणजे नाचासाठी वाजवणारे मोठे जाझ ताफे, संपाने मेले नाहीत. पोरं फौजेत गेली. पेट्रोल आणि टायर रेशनवर गेले, मग पंधरा-वीस माणसांचा ताफा घेऊन गावोगाव कसे फिरणार? १९४४ मध्ये नाचगाण्याच्या क्लबांवर तीस टक्के कर बसला, तो पुढे वीसवर आणला तरी व्हायचं ते नुकसान झालंच. आणि सिनात्राने टॉमी डॉर्सीचा बँड सोडला तो ४२ च्या सप्टेंबरात, एकट्याने चमकायचं म्हणून. पेट्रिलो नसता तरी तो सोडणारच होता.

अजून एक. तेव्हाच्या तबकड्या शेलॅकच्या, म्हणजे लाखेच्या, आणि ती लाख मुख्यतः आपल्या भारतातून जायची. युद्धामुळे ती आटली आणि एप्रिल १९४२ मध्येच अमेरिकी सरकारने रेकॉर्ड कंपन्यांच्या शेलॅकवर जबरी कात्री चालवली. पेट्रिलोने नळ बंद केला तेव्हा टाकी आधीच तळाला लागली होती.

तबकडी
मास्तर, टायर आणि कर यांच्याशी माझं भांडण नाही. पण जे ऐकूच आलं नाही, त्याचं काय? १९४३ मध्ये अर्ल हाइन्सच्या बँडमध्ये चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी शेजारी-शेजारी वाजवत होते. बीबॉप, म्हणजे जाझची नवी धाटणी, तिथे शिजत होतं, न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या मिंटन्स प्लेहाउस या क्लबात शिजत होतं. त्या बँडची त्या काळातली एक व्यावसायिक रेकॉर्ड नाही. पुढे ४५ च्या सुमाराला तबकड्या आल्या, तेव्हा लोकांना वाटलं हे आभाळातून पडलं. मधला अख्खा टप्पा गायब आहे. एका तारखेचा एवढा ठसा दुसरीकडे दाखवा.

मेंडोलिन मास्तर
अहो, हा तर संपाच्या विरोधातला सगळ्यात मोठा पुरावा तुम्हीच दिलात! वादकांच्या भल्यासाठी केलेल्या बंदीत वादकांच्या सर्वात धाडसी पिढीचाच आवाज बुडाला.

कडकलक्ष्मी
निधी, टक्के, कर… तुम्हा दोघांना लेखापरीक्षणात नोकरी द्यायला हवी. ७१ मध्ये माणसं मरत होती हो. अमेरिकी सरकार पाकिस्तानच्या बाजूने उभं होतं, जग त्या भागाला पूर्व पाकिस्तान म्हणत होतं, आणि न्यूयॉर्कमध्ये ‘बांगला देश’च्या नावाने दोन खेळ झाले, दुपारी आणि रात्री. दोन्ही मिळून चाळीस हजारांच्या आसपास लोक. डिलन, क्लॅप्टन, रिंगो, बिली प्रेस्टन. आणि सुरुवात कशाने? रविशंकर, अली अकबर खाँ, अल्लारखाँ आणि तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. अली अकबर खाँसाहेबांचा जन्मच तिथल्या कुमिल्ल्याकडचा, त्यांच्यासाठी ती घरची आग होती.

वाद्यं लावून झाली तर लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. रविशंकर म्हणाले, वाद्यं लावणंच एवढं आवडलं असेल तर वादन आणखी आवडेल अशी आशा आहे. आपल्याकडे हा किस्सा ‘बघा, गोऱ्यांना काही कळत नाही’ म्हणून सांगतात. मला उलट वाटतं. न कळणाऱ्या चीजेसाठी शांत बसायला ते हजारो लोक तयार होते, हीच त्या दिवसाची कमाई. पुढे १९८५ चा ‘लाइव्ह एड’ हा मदतनिधीचा कार्यक्रम वगैरे जे काही झालं, त्याचा रस्ता इथून निघतो. तुमच्या संपातून काय निघालं?

तबकडी
कडकलक्ष्मीताई, पैशाचा विषय तुम्ही झटकलात, पण ७१ ची ठेच पैशालाच लागली. तिकिटांचे दोन लाख त्रेचाळीस हजार डॉलर युनिसेफला लगेच पोचले, छानच. खरा पैसा आला रेकॉर्डच्या संचातून आणि चित्रपटातून. करमाफीची कागदपत्रं आधी न केल्यामुळे त्यातला बराचसा अमेरिकी करखात्याच्या घोळात वर्षानुवर्षं अडकून पडला. उपाशी माणसाला १९७१ मध्ये हवे असलेले पैसे पुढच्या दशकात! कागद वाचणारा एक पेट्रिलो तिथे हवा होता.

कडकलक्ष्मी
पाच-सहा आठवड्यांत उभा केलेला कार्यक्रम होता. आधी कागद पुरे करत बसले असते तर पाकिस्तानी फौज शरण आल्यावर वाजवायला लागले असते. पैसा उशिरा गेला याचं वाईट वाटतं, पण ‘बांगला देश’ हे नाव त्याच दिवशी पोचलं. ते कुठल्या वहीत जमा करणार?

केबलवाला
८१ च्या बाजूने कुणीच नाही म्हणून मी येतो. सुरुवातीला एमटीव्ही दिसायचं न्यू जर्सीतल्या थोड्या केबल ग्राहकांना. दाखवायला व्हिडिओच कमी, त्यामुळे रॉड स्टुअर्ट पुन्हा पुन्हा. ‘व्हिडिओने रेडिओचा तारा मारला’ अशा अर्थाच्या गाण्याने श्रीगणेशा केला, हा खट्याळपणा सगळ्यांना पाठ आहे. पण खरी गोम पुढे आहे: ब्रिटिश बँडांकडे व्हिडिओ तयार होते, म्हणून अमेरिकेत ते उठले. दिसण्यावर गाणं ठरायला लागलं. आज गावातल्या गणपतीसमोरच्या डीजेच्या भिंतीला स्क्रीन लागते ना, तिचं मूळ तिथे आहे.

दुसरी बाजूही सांगतो. पहिली दीड-दोन वर्षं तिथे काळे कलाकार जवळजवळ नव्हतेच. १९८३ मध्ये ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीने वाहिनीच्याच निवेदकाला कॅमेऱ्यासमोर त्याचा जाब विचारला. त्याच वर्षी मायकल जॅक्सनचं ‘बिली जीन’ लागलं आणि दार किलकिलं झालं. आणि तबकडी, तुमच्या आवडीचा मुद्दा: वाहिनीला व्हिडिओ जवळपास फुकट मिळायचे, जाहिरात म्हणून, आणि खर्च पुष्कळदा कलाकाराच्याच रॉयल्टीतून वळता व्हायचा. पेट्रिलोचा प्रश्न ८१ मध्ये गिऱ्हाईकाने हसत हसत गिळला.

वाळवेकर
सगळं वाचलं. एक ऑगस्ट म्हटल्यावर न्यूयॉर्क, न्यू जर्सी, हार्लेम… आणि १ ऑगस्ट १९२० ला वाटेगावात जन्मलेले अण्णाभाऊ साठे कुणाला आठवंनात व्हय? अमर शेख, द. ना. गवाणकर आणि अण्णाभाऊ, १९४४ चं लाल बावटा कलापथक. ‘माझी मैना गावावर राहिली’ संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत माणसं रडत ऐकायची. मुंबईत पोटासाठी आलेला गडी आणि गावाकडं राहिलेली बायको, तेच पुढं बेळगाव-कारवारसाठी गातंय. ह्याला लोकप्रिय संगीत नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? आमच्याकडं त्या दिवशी मिरवणुका निघतात, गाणी वाजत्यात. तुमच्या पेट्रिलोची जयंती कोण करतंय?

केबलवाला
अण्णाभाऊंबद्दल दुमत नाही. पण जन्मतारीख म्हणजे घटना नव्हे. बाळ जन्मलं त्या दिवशी संगीतात काय बदललं? तसं धरलं तर गार्सियाही आला आणि ‘पब्लिक एनिमी’ या रॅप गटाचा चक डीही, तोही १ ऑगस्टचाच.

वाळवेकर
जन्म सोडा मग. पण घटना म्हणून तिन्हीकडं अमेरिकाच घेतली, ते कुणी ठरवलं?

मडगावकर
मग मीही एक वाढदिवस घुसडतो. १ ऑगस्ट १९१३, भगवानदादा. त्यांच्या ‘अलबेला’ला (१९५१) संगीत सी. रामचंद्रांचं आणि त्यांचा सहायक चिक चॉकलेट, आमचा गोंयकार ट्रम्पेटवाला, खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ. त्या काळी मुंबईच्या स्टुडिओत स्वरलेखन वाचून वाजवणारे किती गोवेकर होते! कागदावर अख्खा वाद्यमेळ लिहून द्यायचे, आणि पडद्यावर नाव? बहुतेकांचं नाही. दिवसाचे पैसे घ्या, व्हायोलिन पेटीत घाला, घरी जा. गाणं सत्तर वर्षं वाजतंय, घरच्यांना दमडी नाही. मग सिंथेसायझर आला आणि ते दिवसाचे पैसेही गेले.

लताबाईंनी गायकांना रॉयल्टी हवी म्हटलं, रफीसाहेब म्हणाले एकदा मानधन घेतलं की विषय संपला, आणि दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. त्या मोठ्या भांडणातसुद्धा मागे बसलेल्या साठ वादकांचा प्रश्न नव्हताच. २०१२ च्या कायद्यात गीतकार-संगीतकारांचं पक्कं झालं, उत्तम. म्हणून माझं मत ४२ ला. यशस्वी झाला की नाही ते सोडा, तिथे निदान शेवटच्या रांगेतला माणूस बोलला.

मेंडोलिन मास्तर
मडगावकर, तुमचा राग रास्त आहे, म्हणूनच सांगतो, चुकीच्या देवाला नारळ फोडू नका. पेट्रिलोने मिळवलेला निधी रेकॉर्डवर वाजवणाऱ्याला मिळत नव्हता. त्यातून गावोगाव फुकट मैफिली व्हायच्या आणि तिथे बेकार वादकांना काम मिळायचं. चिक चॉकलेट अमेरिकेत असता, तर त्याच्या रेकॉर्डचे पैसे कुठल्या तरी बागेत तिसराच ट्रम्पेटवाला घेऊन गेला असता.

तबकडी
बेकारी हाच मूळ प्रश्न होता, मास्तर. ज्याला स्टुडिओत काम होतं तो उपाशी नव्हता. ज्यूकबॉक्समुळे ज्याचं काम गेलं, त्याला भरपाई. यात मला काही गैर दिसत नाही.

मेंडोलिन मास्तर
स्टुडिओतल्यांना दिसलं ना! १९५८ मध्ये लॉस एंजेलिसच्या वादकांनी याच कारणावरून बंड करून वेगळी संघटना काढली, आणि त्याच वर्षी पेट्रिलो अध्यक्षपदावरून उतरला. ते कुठल्या यादीत घालायचं?

तबकडी
१९५८ च्या यादीत. १ ऑगस्टच्या धाग्यात नाही. वेगळा काढा, भांडायला येतो.

कडकलक्ष्मी
तोवर कुणीतरी अली अकबर खाँ ऐका.