एईडी कारखान्यात आले, आता प्रशिक्षण कोणाला द्यावे?

सुरक्षा अधिकारी, चाकण
नमस्कार. आमच्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तिन्ही पाळ्या मिळून साधारण 400 माणसे आहेत. गेल्या वर्षी एईडी (अचानक हृदय बंद पडलेल्या माणसाला विजेचा शॉक देणारे यंत्र) घेतले, विक्रेत्याच्या माणसाने 12 अधिकाऱ्यांना ते दोन तासांत दाखवले आणि यंत्र स्वागतकक्षामागच्या कपाटात गेले. मागच्या आठवड्यात मी रात्रपाळीत कोणालाही न सांगता मॉक ड्रिल घेतली. सरावाचा पुतळा प्रेस शॉपमध्ये आडवा केला होता. यंत्र त्याच्यापाशी यायला 11 मिनिटे लागली, कारण किल्ली दिवसपाळीच्या साहेबांच्या खिशात होती, कुलूप अखेर तोडावे लागले आणि त्या 12 जणांपैकी रात्री एकही हजर नव्हता. आता पुन्हा प्रशिक्षण ठेवायचे आहे. कंत्राटी माणसे टिकत नाहीत, त्यांच्यावर खर्च नको, असे वरून सांगितले जाते. कोणाला शिकवावे आणि किती वेळा?

कारखाना वैद्यकीय अधिकारी, पुणे
हृदय बंद पडल्यावर छातीदाब मिळाला नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला 7 ते 10 टक्क्यांनी घटते, हे वरिष्ठांसमोर त्या 11 मिनिटांच्या शेजारी लिहून ठेवा. अमेरिकेतल्या कॅसिनोंमधील सुरक्षारक्षकांना एईडी शिकवून केलेला एक अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. त्यात डोळ्यांदेखत कोसळलेल्या आणि हृदयाची नुसती थरथर चालू असलेल्या ज्या रुग्णांना तीन मिनिटांच्या आत शॉक मिळाला, त्यांतले 74 टक्के वाचले. उशीर झालेल्यांत हेच प्रमाण 49 टक्के होते. शॉक देणारे डॉक्टर नव्हते, रखवालदार होते. म्हणून पहिली तुकडी गेटवरच्या रखवालदारांची घ्या, मग प्रत्येक पाळीचे सुपरवायझर आणि लाइनवरची माणसे. रखवालदार कंत्राटी असतो हे खरे, पण रात्री दोन वाजता तोच जागा असतो. माणूस बदलला की नव्याला शिकवायचे, एवढाच त्याचा खर्च.

निवृत्त फोरमन व प्रथमोपचार प्रशिक्षक, नाशिक
किती वेळा, याबद्दल माझे मत असे की वर्षातून एकदा दिवसभर बसवण्यापेक्षा दर तीन महिन्यांनी पाळी सुरू होताना वीस मिनिटे हात चालवून घ्यावेत, कारण हाताची सवय काही महिन्यांत मोडते. सरावात लोक कुठे अडखळतात ते सांगतो. कोसळलेला माणूस अधूनमधून आचके दिल्यासारखी हवा ओढतो आणि भोवतालचे ‘श्वास चालू आहे’ म्हणून थांबतात. त्याला श्वास समजायचे नाही. एकाने 108 ला फोन लावावा, दुसऱ्याने यंत्राकडे धावावे, तिसऱ्याने तोवर मिनिटाला 100 ते 120 या गतीने, किमान 5 सेंटीमीटर खोल छाती दाबत राहावे. यंत्राचे पॅड (शॉक पोचवणाऱ्या चिकट पट्ट्या) छातीवर चिकटवतानाही दाब थांबवू नये. हात फक्त यंत्र सांगेल तेव्हाच काढावेत आणि शॉकनंतर लगेच पुन्हा दाबायला लागावे. प्रेस शॉपमध्ये छाती घामाने चिंब असते, त्यावर पॅड धरत नाही, दाट केसांवरही नाही. पिशवीत कात्री, दाढीचे पाते आणि जाडसर फडके ठेवा.

मनुष्यबळ विभाग, छत्रपती संभाजीनगर
आमच्याकडच्या मुलींनी दोन शंका काढल्या: चुकून चांगल्या माणसाला शॉक बसला तर, आणि कोसळलेली व्यक्ती स्त्री असेल तर काय करावे?

कारखाना वैद्यकीय अधिकारी, पुणे
यंत्र आधी हृदयाची लय तपासते. शॉकने सुधारेल अशी लय नसेल, तर बटण दाबूनही ते शॉक देत नाही. स्त्री असली तरी पॅड उघड्या त्वचेवरच लागतात, एक उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली आणि दुसरा डाव्या काखेच्या खाली. चादरीचा आडोसा धरायला दोघींना सरावातच उभे करा, म्हणजे ऐन वेळी कोणी संकोचणार नाही.

सुरक्षा अधिकारी, चाकण
सर्वांचे आभार. यंत्र आज प्रेस शॉपच्या दाराशी बिनकुलपाच्या पेटीत लावले आणि रखवालदारांची पहिली तुकडी सोमवारी ठरली. लावताना पॅडच्या पाकिटावरची तारीख वाचली, तर मुदत संपायला पाच आठवडे उरले आहेत. नवे पॅड मागवले.