फोन बादलीत पडला. दोष कुणाचा?

टाचणी

आमच्या घरात सध्या खटला चालू आहे आणि निकाल द्यायला मला बसवलंय. हकीकत अशी: दादाने फोन वॉशिंग मशीनवर ठेवला आणि तो आंघोळीला गेला. वहिनीने मशीन लावलं. आत एकच जाडजूड ब्लँकेट. मशीनला खेटून आईची कपडे भिजवलेली बादली. पिळायची वेळ आली तसं मशीन थडथडायला लागलं, फोन तसूतसूने कडेकडे सरकला आणि बुडुक. दादा म्हणतो, मशीन लावताना वर ठेवलेला फोन दिसू नये? वहिनी म्हणते, फोन ठेवायची ती जागा आहे का? आई म्हणते, बादली रोज तिथेच असते, तिला मध्ये ओढू नका.

माझं मत आधीच सांगते, नाहीतर तटस्थतेचा आव आणला म्हणाल. दोष दादाचा. जो वस्तू भलत्या जागी ठेवतो त्याने तिचं पुढे काय होईल तेही पत्करलेलं असतं. धक्का लागलेला किंवा बटण दाबणारा माणूस निव्वळ निमित्त. टेबलाच्या काठावरचा कप, जिन्यात राहिलेलं खेळणं, दारात आडवी पसरलेली चार्जरची वायर, सगळीकडे हाच नियम लावा, रोजची कटकट मिटेल.

पटत नसेल तर कारण द्या. "टाळी एका हाताने वाजत नाही" छापाचे प्रतिसाद नकोत.

सावकाश

असहमत. इंग्लंडमध्ये 1842 साली जवळपास हाच वाद कोर्टात गेला होता, फक्त फोनच्या जागी गाढव होतं. एकाने आपल्या गाढवाचे पुढचे पाय बांधून त्याला रस्त्याकडेला चरायला सोडलं. तीन घोड्यांची गाडी उतारावरून जोरात आली, गाडीवान जरा मागे राहिलेला. गाढव मेलं. गाडीवाल्याचं म्हणणं थेट तुमचंच: रस्त्यात गाढव सोडलंच कशाला? कोर्टाने ते ऐकलं नाही. गाढव तिथे असणं चूक धरलं तरी गाडी बेताने हाकली असती तर हे टळलं असतं, म्हणून भरपाई गाडीवाल्याने द्यायची. तसं नसेल तर रस्त्यात झोपलेल्या माणसावरून गाडी घालणंही माफ करावं लागेल, असं न्यायाधीशांनी सुनावलं.

अपघात टाळायची शेवटची संधी ज्याच्या हातात, दोष त्याचा. आंघोळ करणाऱ्याच्या हातात ती नव्हती. वहिनींच्या होती.

टाचणी

वा. म्हणजे रात्री जिन्यातल्या खेळण्यावरून जो घसरला, त्याने "शेवटची संधी" दवडली. पाय त्याचा मोडला आणि दोषही त्याचाच.

सावकाश

अंधारात नाही. दिव्याच्या उजेडात, मोबाईलमध्ये डोकं घालून उतरत असेल तर हो. दिसणं शक्य होतं का, हा प्रश्न त्या नियमात आहेच.

दुपारची झोप

आईची बादली नसती तर फोन फरशीवर आपटून काच फुटली असती. आईचा सत्कार करा.

कोपऱ्यातली खुर्ची

मला एक वेगळाच प्रश्न आहे. मशीन जमिनीवर नीट टेकलंय का? पिळताना ड्रम मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे घेतो. एकटं ब्लँकेट पाणी पिऊन एका बाजूला गोळा होतं आणि सगळा भार तिकडे जातो. त्यात मशीनचा एखादा पाय अधांतरी असेल तर ते नाचणारच. कपडे मिसळून टाकले असते आणि पाय समतल असता, तर फोन बहुधा जागचा हलला नसता.

टाचणी

आत्ता वाकून बघितलं. मागच्या डाव्या पायाखाली घडी केलेला पुठ्ठा आहे, तोही भिजून पापडासारखा चपटा झालाय. कधीचा, कुणी ठेवला, कुणालाच आठवत नाही. खाली पायाचा आटा असतो, तो फिरवून उंची कमीजास्त करता येते हे आज कळलं.

दुपारची झोप

म्हणजे दोष पुठ्ठ्याचा. धागा बंद करा.

कोपऱ्यातली खुर्ची

हसू नका, मुद्दा तोच आहे. मानवी चुकांचा अभ्यास केलेले मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी छिद्रं असलेल्या चीजच्या चकत्यांचं चित्र रूढ केलं. प्रत्येक चकती म्हणजे बचावाचा एक थर. प्रत्येकीत कुठे ना कुठे भोक असतंच. सगळी भोकं एका रेषेत आली की अपघात आरपार निघून जातो. शेवटच्या क्षणी कुणाचा तरी हात चुकतो तो आपल्याला दिसतो. महिनोन्‌महिने मुकाट बसलेला पुठ्ठा दिसत नाही. तुमच्या घरात चार थर होते: मशीनचा पाय, आतले कपडे, फोनची जागा, बादली. यातला कुठलाही एक धड असता तरी खटला उभा राहिला नसता. मग दोष शेवटच्याचाच किंवा पहिल्याचाच का?

फणकारा

चकत्या, गाढवं सगळं वाचलं. आता घरात खरोखर काय चालतं ते बोलू का?

पाहुण्याच्या हातून कप फुटला की "असू द्या हो, काचच ती". तोच कप मुलाच्या हातून फुटला की "धांदरट मेला". कामाला येणाऱ्या बाईंच्या हातून फुटला की पगारातून कापायची भाषा. आणि घरातल्या कर्त्या माणसाच्या हातून फुटला की तो तुकड्यांमध्ये उभा राहून विचारतो, "इथे कप कुणी ठेवला होता?" कप तोच, काठ तोच. टाचणी, तुमचा "ठेवणाऱ्याचा दोष" आणि सावकाश, तुमचा "शेवटच्या संधीचा नियम" हे दोन्ही घराघरांत आलटून पालटून वापरले जातात. कुठला कधी काढायचा ते समोर कोण आहे यावर ठरतं. आधी माणूस ठरतो, मग नियम शोधला जातो.

टाचणी

हे झोंबलं, पण आमच्या प्रकरणात मी वहिनीच्या बाजूने आहे, याची नोंद घ्यावी.

फणकारा

घेतली. फोन वहिनीचा असता आणि मशीन दादाने लावलं असतं तर काय निकाल दिला असता, तेही लिहा.

बिनकाट्याचं घड्याळ

मला या धाग्यातला प्रश्नच चुकीचा वाटतो. विमान अपघातांच्या चौकशीसाठी शिकागो कराराचं, म्हणजे विमानवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय कराराचं, परिशिष्ट 13 आहे. चौकशीचा एकमेव उद्देश पुढचा अपघात टाळणं, दोष किंवा नुकसानभरपाई ठरवणं नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. शिक्षेच्या भीतीने माणसं खरं सांगत नाहीत, आणि खरं कळलं नाही तर विमान पुन्हा पडतं, इतका सरळ हिशेब. घरातही तेच. "कुणी केलं?" असं ओरडून विचारा, तीन निष्पाप चेहरे दिसतील.

आणि वस्तूच बदलून टाकली तर दोषाचा प्रश्न उरत नाही, याची उदाहरणं आहेत. औषधांच्या बाटल्यांची दाबून फिरवायची झाकणं घ्या. अमेरिकेत 1970 साली तसा कायदा झाला: पाच वर्षांखालच्या मुलांना उघडायला अवघड, मोठ्यांना जमेल असं वेष्टण. त्याआधी मुलाने गोळ्या गिळल्या की सगळं खापर आईवर. झाकण बदललं आणि मुलांचे जीव वाचले; आयांना जास्त दक्ष राहायला सांगून ते झालं नव्हतं. गरम पाण्याचंही तसंच. साठ अंशांचं पाणी मोठ्या माणसालाही पाचेक सेकंदांत गंभीर भाजतं, पन्नासच्या खाली तेवढ्यासाठी काही मिनिटं लागतात. गीझरची चकती थोडी मागे फिरवा, "नळ कुणी सोडला" हे भांडण होणारच नाही.

सावकाश

झाकण बसवणारी कंपनी असते, घरात कोण? चकती मागे फिरवायचं कुणाच्या तरी लक्षात यायला हवं, आणि ज्याच्या आलं नाही तो जबाबदार, म्हणजे पुन्हा दोषावरच आलो. "व्यवस्थेचा दोष" म्हटलं की सगळ्यांना बरं वाटतं, कारण व्यवस्थेला कुणी नवा फोन घेऊन द्यायला सांगत नाही.

बाकी एक कबूल. सगळं झाल्यावर "हे होणारच होतं" असं वाटतं, ते फसवं आहे. मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ यांनी 1975 साली एक प्रयोग मांडला. लोकांना 1814 च्या इंग्रज-गुरखा युद्धाची हकीकत वाचायला दिली, पण प्रत्येक गटाला शेवट वेगवेगळा सांगितला. ज्याला जो शेवट सांगितला त्याला तोच आधीपासून संभाव्य वाटला. तेव्हा मशीनवर फोन ठेवणं "उघड उघड धोक्याचं" होतं असं आज म्हणणाऱ्यांनी, तो पडला नसता तर कुणाच्या लक्षात तरी आलं असतं का, एवढं सांगावं.

फणकारा

घड्याळबुवा, विमानाची चौकशी झाल्यावर अवशेष वैमानिकाच्या बायकोला गोळा करायला लावत नाहीत. घरात "कुणाचाच दोष नाही" असं ठरलं की काचा कोण वेचतं? जी रोज वेचते तीच. दोष वाटला नाही तरी काम वाटलं जातंच, तेही आधीच ठरलेल्या माणसाला. म्हणून मला निकाल हवाय. त्या निकालाने एकदा तरी फडकं दुसऱ्याच्या हातात जाईल.

बिनकाट्याचं घड्याळ

हा मुद्दा माझ्याकडून सुटला होता, मान्य. पण मग सरळ नियम करा: ज्याच्या हातून पडलं त्याने पुसायचं, दोष असो वा नसो. त्यासाठी खटला कशाला?

कोपऱ्यातली खुर्ची

आणि मनातल्या मनात टक्केवारी लावणाऱ्यांसाठी. रॉस आणि सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी 1979 च्या अभ्यासात नवरा-बायकोंना वेगवेगळं बसवून विचारलं, घरातल्या अमुक गोष्टीत तुमचा वाटा किती? दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुतेकदा शंभर टक्क्यांच्या वर गेली. गंमत म्हणजे "भांडण कोण सुरू करतं" यासारख्या नकारात्मक गोष्टीतही लोक स्वतःला जास्त वाटा देत होते. आपलं केलेलं आपल्याला जास्त आठवतं, चांगलं असो की वाईट. तेव्हा सगळेच अंगाबाहेर टाकतात हेही पूर्ण खरं नाही.

पायपुसणी

नेहमी वाचते, पहिल्यांदाच लिहितेय. मुलांचं कुणी काढलंच नाही. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारा मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे मुलांना दोन गोष्टी सांगायचा. एक मुलगा जेवायला बोलावलं म्हणून दार ढकलतो. दारामागे ट्रे आहे हे त्याला माहीत नसतं, पंधरा कप फुटतात. दुसरा आई घरात नसताना वरच्या फळीवरचा जॅम चोरायला चढतो, एक कप फुटतो. जास्त खट्याळ कोण? लहान मुलं म्हणायची, पंधरा फोडणारा. मोठी मुलं हेतू बघायची. हे 1932 मध्ये छापून आलं. माझा अनुभव असा की महागडी वस्तू फुटली की चाळिशीतली माणसंही पंधरा कपवाल्यालाच धरतात. फोनऐवजी साबणाची वडी बादलीत पडली असती तर हा धागा निघाला असता?

सावकाश

पण हेतू चांगला होता हे किती वेळा चालवून घ्यायचं? पहिल्यांदा कप काठावर राहिला, ठीक. बजावून सांगितल्यावरही दर आठवड्याला राहत असेल तर तो अपघात राहत नाही, तो निष्काळजीपणा झाला. अशा वेळी "मी सांगितलं होतं" म्हणणाऱ्याचा राग रास्त आहे.

बिनकाट्याचं घड्याळ

दर आठवड्याला ज्याला तो कप काठावर दिसतो, तो चार बोटं आत का सरकवत नाही? धोका ज्याला दिसला त्याच्याकडेही ती तुमची लाडकी शेवटची संधी होतीच की. त्याने ती भविष्य वर्तवण्यात घालवली.

फणकारा

म्हणजे घरात ज्याचं लक्ष जास्त त्याच्यावर कामही जास्त, आणि एखाद्या दिवशी लक्ष गेलं नाही तर दोषही त्याचाच. बाकीचे आंधळे राहून सुटले. या नियमाने आमच्या घरात उद्यापासून कुणालाच काही दिसणार नाही.